कशाच्या जागी, कशाच्या जोडीला

छत्रपती संभाजीनगरात कोलेस्टेरॉलवरचा उपाय शोधायला फार लांब जावे लागत नाही. जुन्या मोंढ्यातल्या दुकानांत जवस, मेथी, लसूण, इसबगोल मिळते. काष्ठौषधींच्या दुकानात गुग्गुळ असतो. मेडिकलच्या दर्शनी काचेत फिश ऑइल, लसूण, हळद आणि दालचिनीच्या कॅप्सूल रांगेने मांडलेल्या असतात. आणि शहराबाहेर पडून पैठण रस्त्याला लागले, की चितेगाव आणि पैठणला औषधांचे कारखानेच उभे आहेत. इथल्या अजंता फार्माचा प्रवासही बोलका आहे. टीव्हीवरच्या जाहिरातींमुळे ही कंपनी एकेकाळी घराघरांत माहीत झाली ती ‘थर्टी प्लस’ या ताकदीच्या कॅप्सूलमुळे. २०११ मध्ये तो ब्रँड डाबरने विकत घेतला. आज अजंताच्या ठळक औषधांमध्ये आहे ती अॅटोर्वास्टॅटिन असलेली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी हृदयरोगाची गोळी.

थोडक्यात, पुडी, कॅप्सूल आणि गोळी या तिन्ही गोष्टी या शहरात हाताच्या अंतरावर आहेत. प्रश्न पडतो तो यांतले नेमके काय घ्यावे याचा. विद्यापीठ परिसरात किंवा गोगाबाबा टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांच्या गप्पांत त्याची उत्तरे भरपूर मिळतात: कुणी उपाशीपोटी लसणाची पाकळी सांगतो, कुणी मेथीचे पाणी, कुणी ‘ते लाल तांदळाचे नॅचरल औषध’. यांतली काही उत्तरे खरी आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि काही धोक्याची आहेत. त्यांची निवड करताना दोन साधे प्रश्न फार कामाला येतात. हा उपाय आपण कशाच्या जागी घेतो आहोत? आणि कशाच्या जोडीला?

हे प्रश्न आता मोजक्या लोकांपुरते उरलेले नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले प्रौढ सुमारे २४ टक्के आहेत. एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल कमी, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी जास्त, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल जास्त, यांपैकी काही ना काही बिघाड असलेले तर तब्बल ८१ टक्के.

शरीराला कोलेस्टेरॉल लागतेच. पेशींची आवरणे, काही हार्मोन, ड जीवनसत्त्व आणि पित्त त्यापासून तयार होतात. त्याचा मोठा वाटा आपले यकृतच बनवते. ताटातून येणारा वाटा तुलनेने लहान असतो. रक्तातून ते वाहून नेणाऱ्या कणांपैकी एलडीएल हे कण प्रमाणाबाहेर वाढले, की धमन्यांच्या भिंतीत शिरून थर धरू लागतात. यकृताच्या पेशींवर हे कण पकडून आत ओढून घेणारे ग्राहक असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ही यंत्रणा उलगडली आणि त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल मिळाले. यकृताला कोलेस्टेरॉलची चणचण भासली, की ते हे ग्राहक वाढवते आणि रक्तातले एलडीएल कमी होते. कोलेस्टेरॉल उतरवणारे बहुतेक उपाय याच वाटेने काम करतात. अॅटोर्वास्टॅटिनसारखे स्टॅटिन यकृतातले उत्पादन रोखते. इसबगोलासारखे विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून शरीराबाहेर नेतात; मग नवे पित्त बनवायला यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते.

गुग्गुळाची गोष्ट

भारतीय वनौषधी आणि कोलेस्टेरॉल यांचा सर्वांत गाजलेला अध्याय गुग्गुळाचा आहे. मराठी घरांना गुग्गुळ दोन रूपांत ओळखीचा: संध्याकाळच्या धुपात आणि वैद्यांच्या गोळ्यांत. योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ, मेदोहर गुग्गुळ ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या पट्ट्यात वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचा हा डिंक.

१९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतले मेदोरोगाचे वर्णन आधुनिक वैद्यकासमोर ठेवून तपासायचे ठरवले. मेद वाढून वाहिन्यांचे मार्ग अडतात हे जुने वर्णन त्यांना धमनीकाठिण्याच्या जवळचे वाटले. त्यांनी सशांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिला, त्यातल्या काहींना जोडीला गुग्गुळ दिला आणि फरक नोंदवला. हा प्रबंध १९६६ चा. पुढे याच सत्यवती भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. त्यांच्या कामाचा धागा लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने पुढे नेला, डिंकातला उपयोगी अंश वेगळा काढला आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘गुगुलिपिड’ हे औषध बाजारात आले. भारतातल्या चाचण्यांचे निकाल उत्साह वाढवणारे होते. १९९४ च्या एका चाचणीत ६१ रुग्णांमध्ये एलडीएल साधारण १२ टक्क्यांनी उतरल्याची नोंद आहे.

मग २००३ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १०३ जणांवर काटेकोर चाचणी झाली. काहींना गुगुलिपिडचा नेहमीचा डोस, काहींना दुप्पट, काहींना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. कुणाला काय मिळते आहे हे ना रुग्णांना ठाऊक, ना डॉक्टरांना. आठ आठवड्यांनी पाहिले, तर औषध नसलेल्या गटाचे एलडीएल ५ टक्क्यांनी उतरले होते आणि गुगुलिपिड घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्क्यांनी वाढले होते. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

या दोन निकालांमधल्या तफावतीची कारणे आहार, वंश, अर्क काढण्याची पद्धत यांत शोधली गेली. पण रुग्णाच्या दृष्टीने निष्कर्ष सरळ आहे: कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी गुग्गुळावर विसंबता येत नाही. सत्यवतींच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंपरेतला दावा प्रयोगशाळेत नेऊन तपासण्याची वाट त्यांनी दाखवली, आणि त्याच वाटेने पुढे जाऊन पहिले उत्तर दुरुस्त झाले. झाडाची स्थिती मात्र काळजीची आहे. जास्त डिंक मिळावा म्हणून खोडावर खोल आणि वारंवार घाव घातले, की झुडूप वाळून मरते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही वनस्पती आज अतिसंकटग्रस्त आहे.

लसूण, हळद, दालचिनी

लसणाचे काय? कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हा प्रश्न मोठ्या चिकाटीने तपासला गेला. १९२ जणांची विभागणी चार गटांत झाली. एका गटाला कच्चा लसूण सँडविचमध्ये घालून, दोन गटांना बाजारातल्या दोन वेगवेगळ्या लसूण-गोळ्या आणि एका गटाला काहीच औषध नसलेली गोळी. सहा महिने, आठवड्यातले सहा दिवस. २००७ मध्ये निकाल आला: एलडीएलमध्ये कोणत्याच गटात दखल घेण्याजोगा फरक नाही.

त्यानंतर २०२२ मध्ये अमेरिकेतल्याच क्लीव्हलँड क्लिनिकने सहा लोकप्रिय पूरकांची स्टॅटिनशी थेट तुलना केली. फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती-स्टेरॉल आणि लाल यीस्टचा, म्हणजे बुरशी वाढवून लाल केलेला तांदूळ ही ती सहा. समोर होती रोसुवास्टॅटिनची पाच मिलिग्रॅमची लहान गोळी. २८ दिवसांत त्या गोळीने एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरवले. सहापैकी एकाही पूरकाचा परिणाम औषध नसलेल्या गोळीपेक्षा लक्षणीय ठरला नाही. लसणाच्या गटात तर एलडीएल थोडे वाढलेलेच दिसले. या चाचणीला रोसुवास्टॅटिन बाजारात आणणाऱ्या कंपनीचा पैसा होता आणि काळही चारच आठवड्यांचा होता. या दोन्ही गोष्टी वाचकाने लक्षात ठेवाव्यात. तरीही ३८ टक्के आणि जवळपास शून्य यांतली दरी एवढ्याने बुजत नाही.

यावरून फोडणीतला लसूण किंवा भाजीतली हळद काढून टाकायचे कारण नाही. त्यांच्यामुळे साध्या जेवणाला चव येते आणि मीठ-तेलाचा हात आवरता येतो. प्रश्न आहे तो कॅप्सूलचा. एका कॅप्सूलमध्ये मुठीएवढ्या पदार्थाचा अर्क दाबून भरलेला असतो, आणि तेवढ्या मात्रेत तो निरुपद्रवी राहीलच असे नाही. हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याचे रुग्ण अनेक देशांत नोंदले गेले आहेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना लसणाच्या कॅप्सूल घेतल्या, तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

फिश ऑइलबद्दलचा गैरसमज वेगळा आहे. ते मुख्यतः ट्रायग्लिसराइड कमी करते, तेही मोठ्या मात्रेत. एलडीएलसाठी त्याचा उपयोग नाही; काहींमध्ये ते थोडे वाढतेही. रिपोर्टवर नेमका कोणता आकडा वाढला आहे हे न पाहता ही बाटली घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

लाल तांदूळ: नैसर्गिक आणि तरीही औषधच

‘नॅचरल’ आणि ‘औषध’ यांत आपण भिंत बांधतो, पण स्टॅटिनचा जन्मच बुरशीतला आहे. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव एकामागून एक तपासले. यकृतातले कोलेस्टेरॉलचे उत्पादन रोखणारा पदार्थ त्यांना अखेर तांदळावर वाढलेल्या एका निळ्या-हिरव्या बुरशीत सापडला. १९७९ मध्ये त्यांनीच लाल यीस्टच्या तांदळावरच्या बुरशीतून मोनॅकोलिन-के वेगळे काढले. हाच रेणू १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन या नावाने अमेरिकेत मंजूर झालेले पहिले स्टॅटिन ठरला. एंडो यांचे २०२४ मध्ये निधन झाले.

म्हणजे लाल यीस्टच्या तांदळाची कॅप्सूल एलडीएल उतरवते तेव्हा ती स्टॅटिनच देत असते, फक्त त्याचे माप माहीत नसते. एका बाटलीत ते भरपूर असेल, दुसरीत नावापुरते. मात्रा ठरलेली नसल्यामुळे चाचण्यांत एकदा ती उपयोगी दिसते आणि एकदा निकामी. आधीच अॅटोर्वास्टॅटिन घेणाऱ्याने ही कॅप्सूल सुरू केली, तर नकळत दोन स्टॅटिन एकत्र होतात आणि स्नायू-यकृताचे दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये अशा पूरकांतील मोनॅकोलिनची रोजची मात्रा तीन मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचे बंधन घातले ते याच काळजीपोटी.

शुद्धतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. मार्च २०२४ मध्ये जपानच्या कोबायाशी फार्मास्युटिकल कंपनीला लाल यीस्टच्या तांदळाच्या गोळ्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या. त्या घेणाऱ्या अनेकांची मूत्रपिंडे बिघडली होती, शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले आणि मृत्यूंचीही चौकशी झाली. तपासात प्युबेर्युलिक आम्ल हा दुसऱ्याच एका बुरशीतून आलेला घातक पदार्थ सापडला. गुणवत्तेसाठी नावाजलेल्या देशात हे घडले, ही बाब कुठलीही अनोळखी बाटली उघडण्याआधी आठवावी.

जे खरोखर चालते

आता दुकानातल्या सर्वांत साध्या खोक्याकडे वळू. इसबगोलाचे पीक गुजरात-राजस्थानात येते, त्याची मोठी बाजारपेठ गुजरातेतले उंझा. आपल्याकडे इसबगोल आठवते ते पोट साफ होत नसले तर. कोलेस्टेरॉलसाठीही ते उपयोगी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. चमचाभर फोलपट पेल्यातल्या पाण्यात टाकले, की पाच मिनिटांत त्याचा दाट, बुळबुळीत गोळा होतो. आतड्यात हाच बुळबुळीतपणा पित्ताम्ले धरून ठेवतो. रोज साधारण १० ग्रॅम फोलपट नियमित घेतले, तर एलडीएल ५ ते १० टक्क्यांनी उतरते असे अनेक चाचण्यांनी दाखवले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये त्याच्या पाकिटावर हृदयासाठीचा दावा छापायला परवानगी दिली ती याच पुराव्यावर.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी इथे विशेष महत्त्वाची आहे. काही रुग्णांना सिमवास्टॅटिन १० मिलिग्रॅम आणि जोडीला रोज १५ ग्रॅम इसबगोल दिले. त्यांचे एलडीएल २० मिलिग्रॅम सिमवास्टॅटिन घेणाऱ्यांइतकेच उतरले. इसबगोलाने गोळीची जागा घेतली नाही, पण गोळीचा वाढीव डोस वाचवला. जोडीला घेण्याच्या उपायाचे हे चांगले उदाहरण.

पथ्य मात्र पाळावे लागते. फोलपट कोरडे गिळू नये. मोठ्या पेलाभर पाण्यातून घ्यावे आणि वर आणखी पाणी प्यावे, नाहीतर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकते. थायरॉइडची किंवा इतर गोळी चालू असेल, तर दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण हा दाट गोळा औषधालाही धरून ठेवतो.

डाळी आणि कडधान्ये हा दुसरा भक्कम उपाय. रोज साधारण १३० ग्रॅम शिजवलेले कडधान्य खाल्ले, तर एलडीएल सुमारे ५ टक्क्यांनी उतरते, असे २०१४ मध्ये अनेक चाचण्या एकत्र मांडून दाखवले गेले. १३० ग्रॅम म्हणजे मोठी वाटीभर मटकीची उसळ, हरभरे किंवा चवळी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत रोजच्या ताटात ८५ ग्रॅम कच्च्या डाळी-कडधान्यांना जागा दिली आहे. पातळ वरणाच्या एका वाटीने ते प्रमाण गाठले जात नाही. ताटात उसळ, झुणका किंवा घट्ट डाळ लागते.

टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ मध्ये असे अनेक लहान उपाय एकाच ताटात आणून पाहिले. सोयाबीनची प्रथिने, बदाम, वनस्पती-स्टेरॉल आणि दाट तंतू. त्या तंतूंसाठी त्यांनी ओट, बार्ली आणि इसबगोलाच्या जोडीला चक्क भेंडी आणि वांगे वापरले होते. महिनाभरात या आहाराने एलडीएल २८.६ टक्क्यांनी उतरले. त्याच चाचणीत लोव्हास्टॅटिन घेणाऱ्यांचे ३०.९ टक्क्यांनी. सहभागींना सगळे जेवण तयार मिळत होते, त्यामुळे घरी एवढी घट साधणे अवघड. पण एकट्या चमत्कारी पदार्थापेक्षा पाच-सहा साधे पदार्थ एकत्र आले तर किती काम होते, हे त्यातून कळते.

मराठवाड्याच्या जेवणात जवसाची चटणी पूर्वीपासून आहे. जवस कढईत तडतडेपर्यंत भाजायचे, लाल तिखट, लसूण आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटायचे आणि भाकरीबरोबर खायचे. कुटलेल्या जवसाने कोलेस्टेरॉलमध्ये थोडी घट दिसते. जवसाच्या तेलाने ती दिसत नाही. म्हणजे तेलाच्या कॅप्सूलपेक्षा बरणीतली चटणी सरस. न कुटता गिळलेले जवस बरेचसे तसेच बाहेर पडतात, त्यामुळे कुटणे महत्त्वाचे. मिठाचा हात मात्र हलका हवा, विशेषतः रक्तदाब असेल तर.

करडईचे तेल

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतले रब्बीचे पीक म्हणजे करडई. कोवळी असताना तिच्या पानांची भाजी होते. वाढली की काटे धरते. गुरे आत शिरू नयेत म्हणून ज्वारी-गव्हाच्या शेताच्या कडेने करडईच्या ओळी पेरण्याची रीत इथे होती. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हे वाण दिले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याची करडई विकसित केली. तरीही सोयाबीनचा पसारा आणि आयात पामतेलाची स्वस्ताई यांच्यापुढे करडईचे क्षेत्र आक्रसत गेले.

कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने करडईच्या तेलाची जमेची बाजू स्पष्ट आहे. त्यात संपृक्त चरबी दहा टक्क्यांच्या आत असते. पामतेलात ती जवळपास निम्मी. वनस्पती तूप, पामतेल किंवा लोण्याच्या जागी करडईचे तेल आले, तर एलडीएल उतरते. पण हे तेल आधीच्या तेलात भर म्हणून वापरले, तर फायदा होत नाही, उलट वजन वाढते. पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत माणशी रोज २७ ग्रॅम तेल-तूप धरलेले आहे, म्हणजे जेमतेम पाच-सहा लहान चमचे. चार माणसांच्या घराला महिन्याला साडेतीन किलोच्या आत. अनेक घरांत यापेक्षा बरेच जास्त लागते.

शहरात लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने पुन्हा दिसू लागली आहेत. ताजे, अस्सल आणि जवळच्या शेतकऱ्याच्या मालाचे तेल घेण्याचा आनंद खरा आहे. कोलेस्टेरॉलच्या हिशेबात मात्र घाणा लाकडी की लोखंडी याने फरक पडत नाही. बियांतल्या चरबीचे प्रमाण तेच राहते.

फक्त करडईचेच तेल वापरावे, असाही अर्थ काढू नये. ऑस्ट्रेलियात १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराच्या ४५८ पुरुष रुग्णांवर एक चाचणी झाली. एका गटाला करडईचे तेल आणि त्यापासून बनवलेले मार्गारीन दिले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले, पण २०१३ मध्ये जुनी आकडेवारी नव्याने तपासली तेव्हा त्या गटात मृत्यू जास्त दिसले. मार्गारीनमध्ये ट्रान्स चरबी असण्याची शक्यता तज्ज्ञांनी दाखवून दिली, आणि इतर चाचण्या मिळून संपृक्त चरबीच्या जागी अशी तेले हितकर ठरतात असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये सांगितले. तरी शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी अशी तेले आलटून पालटून वापरणे शहाणपणाचे. ट्रान्स चरबीचे प्रमाण भारतात जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणले आहे. पण तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून तळणाऱ्या कढईपर्यंत नियम पोचायला वेळ लागतो. गुलमंडीची इमरती किंवा तर्रीचा नान खलिया ही या शहराची चव आहे, ती सणासुदीला जरूर घ्यावी. रोजच्या नाश्त्याला वडा-कचोरीच्या जागी घुगऱ्या किंवा थालीपीठ आले, तर त्याचा परिणाम कुठल्याही कॅप्सूलपेक्षा मोठा असतो.

गोळीची भीती

कॅप्सूलकडे लोक वळतात त्यामागे बहुतेकदा स्टॅटिनची भीती असते. एकदा सुरू केली की कायमची लागते, स्नायू दुखतात, साखर वाढते, असे ऐकलेले असते. यात तथ्य नाही असे नाही. काहींना स्नायूदुखी होते, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर थोडी वाढू शकते. पण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर केलेली २०२० ची चाचणी डोळे उघडणारी आहे. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून ठेवले. खऱ्या गोळीने होणारा सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही होत होता. स्वतःचीच नोंद पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

दुसऱ्या बाजूला फायद्याचा पुरावा जुना आणि पक्का आहे. उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीने १९९४ मध्येच दाखवले की सिमवास्टॅटिनमुळे मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झाले. लसूण, हळद किंवा दालचिनीच्या कॅप्सूलच्या नावावर असा निकाल नाही. पूरकांच्या डबीवर भारतात नियमानुसार ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. बारीक अक्षरांतली ती ओळ शोधून वाचावी.

दोन रिपोर्ट, दोन हिशेब

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलबाबत सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली. एरवी निरोगी माणसाचे एलडीएल १०० च्या आत, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांचे ७० च्या आत आणि हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात झालेल्यांचे ५५ च्या आत असावे, असा त्यांचा आग्रह आहे. या आकड्यांवर दोन उदाहरणे मांडून पाहू.

पस्तिशीच्या एका शिक्षकाचे एलडीएल १३० आले. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तंबाखू नाही, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार नाही. रोज इसबगोल, वाटीभर उसळ, तेलाची अदलाबदल आणि निम्मे प्रमाण, तळण बंद, यांतून १५ ते २० टक्के घट धरली, तर आकडा ११० ते १०४ च्या घरात येतो. फिरणे वाढले, वजन थोडे उतरले, तर १०० गाठता येईल. अशा माणसाला डॉक्टर बहुतेक वेळा तीन महिन्यांची मुदत देतात.

अठ्ठावन्न वर्षांच्या, अँजिओप्लास्टी झालेल्या गृहस्थांचे एलडीएल १४० आहे. तेच पथ्य त्यांनी तितक्याच निष्ठेने पाळले तरी ते ११२ ते ११९ वर थांबेल. त्यांचे लक्ष्य आहे ५५. हे अंतर जवस किंवा इसबगोल कापू शकत नाही. स्टॅटिनच्या जोरकस डोसाने पथ्यानंतरचे एलडीएल निम्म्यावर, म्हणजे साठच्या आसपास येईल आणि उरलेले काम दुसऱ्या एखाद्या गोळीने होईल. पथ्य त्यांनाही हवेच, पण जोडीला. एलडीएल १९० च्या वर असेल, तर दोष आनुवंशिक असण्याची शक्यता असते. तिथे घरच्या उपायांवर वेळ न दवडता भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी लागते.

दोघांनीही पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना रिपोर्टबरोबर घरात चालू असलेल्या प्रत्येक पुडीची, काढ्याची आणि कॅप्सूलची डबी पिशवीत घालून न्यावी. घाटी या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असो की खासगी दवाखान्यात, डॉक्टरांनी विचारले नाही तरी ती टेबलावर ठेवावी. गर्भारपणाचा विचार असलेल्या स्त्रीने तर हे आवर्जून सांगावे, कारण त्या काळात स्टॅटिन सहसा थांबवतात, आणि लाल तांदळाच्या कॅप्सूललाही तोच नियम लागू होतो. नवे काही सुरू केले, तर सहा ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करावे. त्यात एलडीएल उतरलेले दिसले नाही, तर ती बाटली बंद करून तेच पैसे डाळी, भाज्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीसाठी वापरावेत.